डब्यातला खंजीर

धार लावणाऱ्या बाईचा स्वभावही धारदारच असला पाहिजे असा काही नियम नाही. पण या बाईचा होता. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान. दुकान म्हणजे एक खोली, तिच्या मधोमध सहाणेचं गोल चाक, चाकावर थेंब थेंब गळणारं पाण्याचं टमरेल, खाली पत्र्याची परात आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कात्र्या, सुऱ्या, वस्तरे. शिंपी, खाटीक, न्हावी, खानावळीचे आचारी, सगळे तिच्याकडेच यायचे, कारण तिच्या हातची धार टिकायची. आणि सगळे लवकर निघायचेही, कारण बाई कधी उखडेल याचा नेम नव्हता. "ही सुरी आहे की हिने विहीर खणलीत?" असं ती आचाऱ्याला विचारायची, आणि आचारी बिचारा स्वतःची सुरी असून चोरासारखा उभा राहायचा. गल्ली तिला मागे धारवाली म्हणायची आणि तोंडावर ताई.

बाईला एका जागी बसवत नसे. चहा उभ्यानेच. जेवताना दोनदा उठून दाराला कडी आहे का बघायची. चाकापुढे बसली तरी एक गुडघा सारखा हलत असायचा. "या बाईला बसवायचं तर खिळे ठोकावे लागतील," असं शेजारचा शिंपी म्हणायचा, तेही ती ऐकण्याच्या अंतरावर नाही हे आधी बघून घेऊन. लोकांना वाटायचं, स्वभावच तसा. स्वभाव होताच, नाही कशाला म्हणा. पण तिच्या जिवाला जो घोर होता तो वरच्या फळीवर, एका जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेला होता.

तो खंजीर आला तेव्हा बाबा होते आणि ती विशीत होती. भर दुपारी एक किडकिडीत गृहस्थ आला. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. त्याने खंजीर फळकुटावर ठेवला आणि लगेच दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. वीतभर पातं, पिवळी पडलेली हाडाची मूठ. बाबा बोटाने धार बघायला लागले, तसा गृहस्थ कोणी विचारलं नसताना बोलत सुटला.

खंजिराचा पहिला मालक म्हणे एका बड्या घराचा पहारेकरी होता. त्याने चोर समजून अंधारात वार केला आणि दिवा आणून बघतो तर पोटचा मुलगा. मग खंजीर त्याच्या जावयाकडे गेला. जावई म्हणाला, लोखंडाला काय कळतंय, आणि जेवता जेवता वाद झाला तेव्हा त्याने तो सख्ख्या भावावर उपसला. पुढे एका जहाजाच्या कप्तानाने ती गोष्ट ऐकूनच खंजीर विकत घेतला, पाहुण्यांना सांगायला बरी म्हणून. आणि एकदा पाहुण्यांना सांगताना, तो कसा उपसला होता ते हात मागे नेऊन दाखवताना, पाठीमागून चहा घेऊन येणाऱ्या त्याच्या बायकोला तो लागला. तिथून तो फिरत फिरत या गृहस्थाच्या आजोबांकडे आला.

"पुढचं मी सांगत नाही," गृहस्थ म्हणाला. "परक्याला हा ओरखडासुद्धा काढत नाही. ज्याच्याकडे असेल त्याच्याच हातून त्याच्याच घरचं रक्त काढतो. तुम्ही धार लावून ठेवा. मी संध्याकाळी येतो."

तो गेला तो गेला. संध्याकाळ झाली, आठवडा झाला, वर्ष झालं.

बाबांना त्याची फिकीर नव्हती. "आपण मालक कुठे आहोत? आपण राखणदार. राखणदाराला काही होत नसतं," असं ते म्हणायचे. धंद्यातले त्यांचे नियम पक्के होते. गिऱ्हाइकाने ठेवलेली वस्तू कोणाला द्यायची नाही, विकायची नाही, टाकायची नाही; आणि तिला गंज चढू द्यायचा नाही. दुकान बंद असायचं त्या दिवशी ते न नेलेल्या सगळ्या वस्तू खाली काढायचे, तेलाने पुसायचे आणि एकेकीला चाकावर हलका हात देऊन पुन्हा वर ठेवायचे. न जाणो, उद्या माणूस दारात उभा राहिला तर वस्तू तयार हवी.

मग बाबा गेले. दुकान तिच्याकडे आलं. चाक तिचं, टमरेल तिचं, भिंतीवरचे खिळेसुद्धा तिचे. आणि तेराव्या की चौदाव्या दिवशी झाडू मारता मारता तिची नजर वरच्या फळीवर गेली आणि मनात पाल चुकचुकली. राखणदार म्हणून शब्द बाबांनी दिला होता. तिने कुठे दिला होता? तिला तर सगळं दुकान वारशाने मिळालं होतं. मग फळीवरच्या त्या गाठोड्याची ती कोण? या प्रश्नाने तिची झोप जी उडाली ती उडालीच.

आणि घरचं म्हणाल तर तिला एकच माणूस होतं. धाकटा भाऊ. लहानपणापासून ती त्याला बारक्या म्हणायची, आणि आता त्याचं पोट शर्टाच्या बटणांना जुमानत नव्हतं तरी तो बारक्याच होता. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एक पाटी रंगवायला त्याला इतका वेळ लागायचा की तोवर एखाद्याचं दुकान बंद पडावं. दुकानामागच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. बारक्याचे गुन्हे मोठे नव्हते, पण रोजचे होते. त्यातला अव्वल नंबरचा म्हणजे रंगाचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवायला तो नेमका तिचाच चहाचा कप घ्यायचा. घरात आणखी कप होते. डबे होते. जगात बाटल्यांचा दुष्काळ पडला नव्हता.

बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. तिने कामाच्या नादात न बघता कप तोंडाला लावला आणि टर्पेंटाइनचा मोठा घोट घेतला. तळपायाची आग मस्तकात गेली. हातात आईची जुनी कात्री होती, घरची, कापड बेतायची. ती कात्री तिने फेकली. फेकायची असं ठरवून नाही. हाताने फेकली, ती नुसती बघत राहिली. कात्री बारक्याच्या कानाशेजारी दाराच्या चौकटीत रुतली आणि थरथरत राहिली.

बारक्याने कान चाचपून पाहिला. "नेम गेला बघ तुझा," तो म्हणाला आणि हसला. पण नेहमीसारखा नाही हसला. त्याने कात्री उपटून काढली आणि आत घेऊन गेला. त्यानंतर ती कात्री घरात दिसली नाही, आणि तिनेही विचारलं नाही. मात्र एक फरक पडला. तिच्या हातात काही धारेचं असलं की बारक्या दुकानाचा उंबरा ओलांडायचा नाही. बोलायचा, टिंगल करायचा, चहा मागायचा, सगळं उंबऱ्यापलीकडून. तो ते मुद्दाम करत नव्हता, म्हणूनच तिला ते फार लागायचं.

कात्री फेकली त्याच दिवशी तिने दुकानाचं दार लोटलं आणि टॉवेल खाली काढला. कात्री या खंजिरानेच फेकायला लावली, असं तिच्या मनाने घेतलं. नदीत टाकावा, वाटलं. पण गिऱ्हाइकाची वस्तू टाकायची नाही. कोणाला द्यावा, तर देणाऱ्याने शाप दुसऱ्याच्या घरात ढकलल्यासारखं. मग काय करावं ते न सुचून तिने चाक सुरू केलं आणि पातं चाकाला लावलं. बंदचा दिवस नव्हता. तरी स्वतःशी म्हणाली, गंज चढायला नको. पाणी गळत होतं, पातं गुणगुणत होतं, आणि हळूहळू तिच्या खांद्यांतला ताण उतरला. चाक थांबलं तेव्हा ती बारक्याला जेवायला हाक मारू शकली.

झालं. त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. भांडण झालं की खंजीर खाली, चाक सुरू. आणि भांडणाला निमित्त पुरवायला बारक्या समर्थ होता. पातं आधी अरुंद झालं, मग तोकडं. तिला ते दिसत होतं. धारवालीला पातं झिजलेलं दिसणार नाही तर कोणाला? पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा ती हादरली. गिऱ्हाइकाची वस्तू आपण खाऊन टाकतोय! लागलीच दुसरा विचार आला, की पातंच उरलं नाही तर हा कोणाला कापणार? तेव्हापासून जिवाला दोन्हीकडून टोचणी. पातं शिल्लक आहे तोवर बारक्याची धास्ती, आणि पातं संपलं तर बाबांच्या नावाला बट्टा. कुठल्याही कुशीवर झोपलं तरी काही ना काही रुतायचंच.

आणि गाळ. चाकाखालच्या परातीत दगडाचा आणि लोखंडाचा करडा गाळ साचतो, तो धारवाले गटारात ओततात. खंजिराला हात दिल्यावर पहिल्याच वेळी ती परात घेऊन गटाराशी गेली, वाकली आणि तशीच थांबली. या गाळात खंजीर आहे. खंजीर गिऱ्हाइकाचा. म्हणजे हा गाळ आपला नव्हे. तिने परात परत आणली, गाळ वाळवला आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात खरवडून ठेवला. पुढे प्रत्येक वेळी खंजिरासाठी परात आधी धुऊन पुसून घ्यायची आणि मागाहून गाळ त्या डब्यात. दुसरं कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण असा हिशेब मनात एकदा पक्का बसला की धंदेवाईक माणसाला दुसरं काही करताच येत नाही.

या सगळ्यात एक न्हावी येऊन गेला. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून तो आधीपासून यायचा. विधुर, शांत, नखं स्वच्छ. वस्तऱ्यांना महिन्याने धार लावली असती तरी चाललं असतं, पण हा दर आठवड्याला हजर. एक दिवस वस्तरे पुढे सरकवत तो म्हणाला, "माझ्याकडे जागा मोकळी आहे, आणि मला ओरडा खायची सवय आहे. तुमचा काय विचार?" तिला हसू फुटलं. बऱ्याच वर्षांत इतकं बरं तिला कोणी बोललं नव्हतं. रात्रभर विचार केला आणि सकाळी तिला कळून चुकलं, की लग्न झालं की हा घरचा होणार. आत्ता परका आहे म्हणून सुखरूप आहे. तिने नाही सांगितलं, कारण सांगितलं नाही. न्हाव्याने मान डोलावली. त्यानंतर वस्तरे महिन्याने यायला लागले. ती त्या दिवशी चाकापुढे रडली, आणि खंजिराचा चांगला नखभर भाग त्या दिवशी गेला.

वर्षं गेली. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी कुठून तरी ऐकून खंजीर बघायला आला, त्याला तिने अशा शब्दांत वाटेला लावलं की शिंप्याने मशीन थांबवून ऐकलं. बारक्याचे केस पांढरे झाले. उंबरा मात्र त्याने ओलांडला नाही.

आणि मग एका सकाळी एक बाई आली. हिच्याच वयाची, साध्या कपड्यांतली, हातात कापडी पिशवी. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत जुना, पांढरा पडलेला व्रण. भिंतीवरच्या सुऱ्यांकडे तिने एकदा पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"तुमच्याकडे आमची एक वस्तू राहिलीय," ती म्हणाली. "वडिलांनी धारेला टाकलेली. खंजीर."

धारवालीचा गुडघा हलायचा थांबला. "ते संध्याकाळी येणार होते," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"हो. यायचंच नव्हतं त्यांना." बाईने व्रणाला बोट लावलं. "आदल्या दिवशी हे झालं होतं. कशावरून ते ऐकलंत तर हसाल. मी दार जोरात आपटलं म्हणून."

धारवाली हसली नाही.

"परवा गेले ते," बाई पुढे म्हणाली. "शेवटी शेवटी एकच धोशा. मी त्या धारवाल्याच्या डोक्यावर ठेवून आलो, त्याच्याही घरात माणसं असतील, जा, घेऊन ये. मी नेते तो. मी एकटीच असते. माझ्याकडे त्याला कोणी मिळायचं नाही."

तोंडावर असा व्रण घेऊन ही बाई दुसऱ्याच्या डोक्यावरचं संकट स्वतःच्या घरी न्यायला आली होती, आणि हिच्या हातात आपण काय देणार? हरवला म्हणून सांगावं, असं एक क्षण धारवालीच्या मनात आलं. बाईला बरंच वाटेल कदाचित. पण हात आपणहून वरच्या फळीकडे गेला होता.

"देते," ती म्हणाली. "फक्त ओरडू नका. या दुकानात ओरडायचं काम माझं आहे."

तिने टॉवेल सोडला. मूठ होती तशी होती, तेल पाजलेली, चकचकीत. मुठीतून जे बाहेर आलं होतं ते दाभणाएवढं होतं. त्याशेजारी तिने बिस्किटांचा डबा ठेवला आणि झाकण काढलं. आत काठोकाठ करडी भुकटी.

"हे काय?"

"तुमचा खंजीर. सगळा आहे. थोडा मुठीला, बाकीचा डब्यात. यात माझ्या सहाणेचा दगडही आला आहे, तो काही निवडता येत नाही. तो तुम्हाला वर."

बाई डब्यावर वाकली. तिने एक बोट भुकटीत बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं.

"असं कसं झालं?"

"मला एक भाऊ आहे," धारवाली म्हणाली.

बाईने मान वर केली. तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. ती आधी हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ती फळकुटाला धरून तशीच उभी राहिली. "आमच्या वडिलांकडे चाक नव्हतं हो," ती म्हणाली.

मग तिने मूठ टॉवेलात गुंडाळली, डबा पिशवीत उभा ठेवला आणि निघाली. पायरीवरून मागे वळली. "तुमचा भाऊ बरा आहे ना?"

"बरा? पोट बघा त्याचं. उचलायला चार माणसं लागतील."

ती गेल्यावर धारवाली चक्क बसली. नुसती, काही न करता. फळी रिकामी होती, तिथे धुळीत टॉवेलाच्या आकाराचा चौकोन राहिला होता. तिला बसलेली बघून शिंपी येऊन तब्येत विचारून गेला. तिने त्याला नीट उत्तर दिलं, त्यामुळे तो आणखीच काळजीत पडला. आपल्या डोक्यावरून काय उतरलं ते तिला कोणाला सांगावंसं वाटत होतं. न्हाव्याची आठवण झाली. त्याचं दुसरं लग्न केव्हाच झालं होतं, मुलंही मोठी झाली होती.

दिवेलागणीला ती मागच्या खोलीत चहा करायला गेली. ओट्यावर तिचा कप होता. कपात दोन ब्रश होते.

आणि आग लागली. तीच, तितकीच. पायापासून निघाली आणि कानांपर्यंत चढली, हात शिवशिवले, बारक्या पलीकडे पाठमोरा बसून गुणगुणत होता आणि त्याची ती गुबगुबीत मान तिला दिसत होती. खंजीर गेला होता आणि राग जागच्या जागी होता. इतकी वर्षं तिने सगळं त्या टॉवेलाच्या नावावर टाकलं होतं. आता फळीवर कोणी नव्हतं. हा राग हिचाच होता, पहिल्यापासून. तिला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

ती पळत दुकानात आली आणि तिने चाक सुरू केलं. चाक फिरायला लागलं, पाणी गळायला लागलं, आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. भिंतीवर सगळ्यांच्या सुऱ्या होत्या. त्यांना हात लागू नये म्हणून तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि रिकाम्या चाकापुढे बसून राहिली.

बारक्या उंबऱ्याशी आला. त्याने चाकाकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं, वरच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. आत गेला. काहीतरी उपसल्याचा, डबे पाडल्याचा आवाज आला, आणि तो परत आला तेव्हा त्याच्या हातात आईची कात्री होती, गंजून तांबडी झालेली. त्याने उंबरा ओलांडला. सरळ चालत तिच्यापाशी आला आणि कात्री पुढे केली, मूठ तिच्याकडे, टोकं स्वतःकडे.

"कुठे होती ही?"

"माझ्या रंगांच्या पेटीत. तळाला."

तिने कात्री घेतली. बारक्याने कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं, अगदी चाकाला खेटून ठेवलं आणि धपकन बसला. त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला. तिने पातं चाकाला लावलं. गंज उडाला, तांबडं पाणी परातीत उतरायला लागलं.

"हळू गं ताई," बारक्या म्हणाला. "नाहीतर हीपण डब्यात भरून ठेवशील."

तिने मान वर केली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "मागे सरक," ती ओरडली, "अंगावर उडेल."

तो सरकला नाही.